आच उतरवण्याची विद्या

लग्नसराईच्या दिवसांत सराफाच्या काचेखाली ज्या पांढऱ्याशुभ्र, लखलखत्या खड्यांच्या कुड्या मांडलेल्या असतात, आणि ज्यांना आपल्याकडे सरसकट ‘अमेरिकन डायमंड’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्या खड्यांचा हिऱ्याशी कुळाचा काही संबंध नाही; ते झिर्कोनियाचे, म्हणजे झिर्कोनियम या धातूच्या ऑक्साइडचे खडे होत. हा पदार्थ सुमारे २७०० अंश सेल्सिअसला वितळतो, परंतु निवताना त्याच्या अंतर्गत रचनेत फेरफार होऊन त्याचे आकारमान बदलते आणि त्याला तडे जातात, म्हणून यिट्रियमसारख्या दुसऱ्या एखाद्या धातूचे ऑक्साइड त्यात थोड्या प्रमाणात मिसळून त्याची रचना कायम करावी लागते. दंतवैद्य दाढेवर जी झिर्कोनियाची कॅप बसवतात तीही याच घराण्यातली. मिश्रणाचे प्रमाण निराळे, घडण निराळी, पण कुळ एकच. आणि याच पदार्थाचा केसाहूनही बारीक असा पापुद्रा भाजून, त्याच्या एका अंगाला हवा व दुसऱ्या अंगाला जळाऊ वायू खेळवला आणि तो सातआठशे अंशांपर्यंत तापवला, तर ज्योत न पेटवता, चाक न फिरवता, वाफ न कोंडता त्यातून वीज मिळू लागते. या साधनाला घन-ऑक्साइड इंधनघट म्हणतात. त्याचे सारे सामर्थ्य आणि त्याची सारी अडचण त्याला लागणाऱ्या आचेत साठवलेली आहे. आणि हा घट सामान्य गृहस्थाच्या, लहान कारखानदाराच्या, गावच्या दवाखान्याच्या आवाक्यात येणार की नाही, हे ती आच कितपत उतरवता येते यावरच मुख्यतः ठरणार आहे, असे माझे मत आहे.

आपल्या चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेच्या जोराने चक्र फिरवतात आणि चक्राने जनित्र. या प्रत्येक पायरीवर काही उष्णता हातची जाते व शेवटी कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांशच विजेच्या रूपाने तारेत उतरते. इंधनघटात ह्या मधल्या पायऱ्याच नाहीत. इंधन व प्राणवायू यांचा संयोग तेथेही होतो, पण तो ज्वालेच्या रूपाने एकाएकी होत नाही, तर मध्ये एक आडपडदा घालून, इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेने वळसा घ्यावयास लावून होतो, आणि तो वळसा म्हणजेच आपल्याला हवी असलेली वीज. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह या वेल्समधील गृहस्थाने, जो पेशाने वकील होता व पुढे न्यायाधीश झाला, प्लॅटिनमच्या पट्ट्या आम्लात बुडवून हायड्रोजन व प्राणवायू यांपासून वीज मिळवून दाखवली. त्याचा आडपडदा द्रवरूप होता. तो पडदा घन असू शकतो ही कल्पना मात्र एका दिव्याच्या पोटातून निघाली, आणि ती हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

ज्यांनी वरातीत किंवा तमाशाच्या कनातीत पेट्रोमॅक्सची बत्ती पेटवताना पाहिली आहे, त्यांना आठवत असेल की प्रथम खालच्या वाटीत स्पिरिट ओतून ते पेटवावे लागे, बत्तीचा माथा पुरेसा तापावा लागे, आणि मगच पंप मारल्यावर ते रेशमी जाळीचे मॅन्टल शुभ्र प्रकाशाने फुलून येई. ते मॅन्टल थोरियमच्या ऑक्साइडचे असे व त्यात शंभरात सुमारे एक भाग सेरियम या धातूचे ऑक्साइड, म्हणजे सेरिया, मिसळलेले असे. आणि ही दोन्ही द्रव्ये ज्या मोनाझाइट वाळूतून काढीत, ती वाळू विसाव्या शतकाच्या आरंभापासून आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून जहाजे भरभरून युरोपात जात असे. त्याआधीच, युरोपात अशा मॅन्टलच्या गॅसबत्तीचा बोलबाला सुरू झाला असताना, १८९७ च्या सुमारास, जर्मनीतील ग्योटिंगेन येथे वाल्थर नर्न्स्ट या रसायनशास्त्रज्ञाने विजेचा एक नवा दिवा सिद्ध केला. त्याची तार धातूची नव्हती. झिर्कोनियात शंभरी सुमारे पंधरा भाग यिट्रियमचे ऑक्साइड मिसळून केलेली ती एक बारीक कांडी होती. थंड असताना ही कांडी विजेला मुळीच वाट देत नसे, म्हणून आधी काडी ओढून किंवा स्पिरिटच्या दिव्याने ती तापवावी लागे. पण एकदा लाल झाली की तिच्यातून वीज वाहू लागे व ती स्वतःच्याच तापाने उजळत राही. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात हे दिवे झळकले, आणि अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याने त्यांच्यासाठी पिट्सबर्ग येथे एक स्वतंत्र कंपनी उभारली. पुढे टंगस्टनच्या तारेने त्यांचा बाजार उठवला. परंतु दिवा विझला तरी त्यातले रहस्य विझले नाही: जो पदार्थ थंड असता दगडासारखा निष्क्रिय असतो, तोच तापला की त्यातून विद्युद्भार वाहतो, आणि तो इलेक्ट्रॉनांच्या पाठीवरून नव्हे, तर प्राणवायूच्या आयनांच्या, म्हणजे विद्युद्भारित अणूंच्या, पाठीवरून. १९३७ साली झुरिचमध्ये एमिल बाउर व हान्स प्राइस या दोघांनी याच जातीच्या पदार्थाचा आडपडदा करून, सुमारे १००० अंशांवर, जगातला पहिला घन-ऑक्साइड इंधनघट चालवून दाखवला. आणि आयन घन पदार्थातून वाट तरी कशी काढतो, याचा उलगडा १९४३ साली कार्ल वाग्नर याने केला.

तो उलगडा आपल्या परिचयाच्या दृष्टांताने सांगता येईल. पंगत बसली आहे, पाटाला पाट लागला आहे, प्रत्येक पाटावर माणूस आहे, आणि मध्येच एक पाट रिकामा राहिला आहे अशी कल्पना करावी. शेजारचा माणूस त्या पाटावर सरकतो, त्याचा पाट रिकामा होतो; त्यावर पलीकडचा सरकतो; आणि अशा रीतीने माणसे एका दिशेने व रिकामा पाट उलट दिशेने सरकत जातो. सर्वच पाट भरलेले असते तर एकालाही हलता आले नसते. झिर्कोनियाच्या स्फटिकात हे रिकामे पाट यिट्रियममुळे निर्माण होतात, कारण झिर्कोनियमच्या आयनावर चार धनभार असतात व यिट्रियमच्या आयनावर तीनच, आणि हा भाराचा जमाखर्च जुळवण्यासाठी दर दोन यिट्रियममागे प्राणवायूची एक जागा मोकळी सोडण्यावाचून स्फटिकाला गत्यंतर नसते. परंतु जागा मोकळी असणे वेगळे आणि तेथवर पोचणे वेगळे. शेजारच्या पाटावर जायचे तर दोघा धष्टपुष्ट पंक्तिबांधवांच्या मधल्या फटीतून अंग चोरून जावे लागते, आणि हे बळ आयनाला केवळ उष्णतेपासून मिळते. आच थोडी कमी केली की उडी मारू शकणारे आयन थोडे कमी होतात असे नव्हे; ते भराभर कमी होतात. १००० अंशांवरून ६०० अंशांवर आले की झिर्कोनियाची विद्युद्वाहकता तीस-चाळीस पटींनी घटते.

मागे एकदा गॅरेजात बसलो असता मेकॅनिकने एका मोटारसायकलच्या सायलेन्सरच्या नळीतून ‘ओ-टू सेन्सर’ खोलून काढला आणि काजळीने काळवंडलेला तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी, भोके पाडलेली धातूची एक टोपी, आणि तिच्या आत पांढरट सिरॅमिकचे एक चिमुकले बोट. ते बोटही झिर्कोनियाचेच. १९७६ साली व्होल्वो मोटारींत पहिल्यांदा बसवलेले हे उपकरण आता आपल्याकडच्या नव्या मोटारींत व मोटारसायकलींतही असते, आणि त्याचे काम एवढेच की बोटाच्या आतली हवा व बाहेरचा धूर यांतील प्राणवायूचा फरक ओळखून, एका व्होल्टहून थोडा कमी असा दाब निर्माण करून इंजिनाला पेट्रोलचे प्रमाण कळवायचे. म्हणजे हा एक इवलासा इंधनघटच आहे, आणि तो ३०० अंशांच्या पुढे जागा होतो. मग मोठ्या घटाला सातआठशे अंश कशाला हवेत? याचे उत्तर असे की सेन्सरला केवळ दाब दाखवायचा असतो, प्रवाह द्यायचा नसतो. निरोप पोचवायला एक जासूद पुरतो. धान्याचे कोठार रिकामे करायचे तर हमालांची रांगच लागते. प्रवाह घ्यायचा म्हटला की आयनांची रहदारी अखंड आणि दाट चालावी लागते, आणि तेथे आच कमी पडून चालत नाही.

तर मग १००० अंशांवरच का चालवू नये? वेस्टिंगहाउस कंपनीने, त्याच पिट्सबर्ग नगरीत, जेथे एके काळी नर्न्स्टचे दिवे तयार होत, १९६० च्या आगेमागे हे काम हाती घेतले आणि अनेक दशके चिकाटीने चालवले. त्यांचे घट लांबोडक्या नळ्यांच्या आकाराचे असत. १०० किलोवॉटचा त्यांचा एक संच १९९० नंतरच्या दशकात नेदरलँड्समधील वेस्टरफूर्ट येथे बसवण्यात आला व तो हजारो तास सुरळीत चालला. हा घट चालतो, याबद्दल तेव्हापासून शंका राहिली नाही. शंका राहिली ती किमतीची. १००० अंशांवर साधे पोलाद टिकत नाही. त्यावर खपल्या धरतात आणि आकार बिघडतो. दोन घटांना जोडणारा दुवाही तेव्हा लँथॅनम क्रोमाइट नावाच्या महाग सिरॅमिकचा करावा लागे, आणि सर्व सांधे, सर्व नळ्या, सर्व भिंती त्याच ऐपतीच्या. शिवाय तापताना प्रत्येक पदार्थ आपापल्या स्वभावाप्रमाणे प्रसरण पावतो. चिकटून बसलेल्या दोन थरांपैकी एक जास्त व दुसरा कमी फुगला की मधला नाजूक पापुद्रा तडकतो, म्हणून संच चालू करताना व थांबवताना तासच्या तास हळूहळू तापवण्यानिववण्यात घालवावे लागत. घाईने तापवलेले मडके आव्यातच फुटते, हे आपला कुंभार जाणतो. २००० च्या सुमारास अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ‘सेका’ नावाची योजना काढून किलोवॉटमागे ४०० डॉलर हे लक्ष्य ठेवले, तेव्हा या आकड्यापर्यंत जायचे तर आधी आच उतरवली पाहिजे, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानी आलेली होती. कारण ८०० अंशांच्या खाली आले की क्रोमियमयुक्त स्टेनलेस स्टील वापरता येते, आणि ६०० च्या आसपास आले की ते फारशी कुरकूर न करता वर्षानुवर्षे नोकरी करते.

आच उतरवण्याचा पहिला उपाय अगदी सरळ आहे: वाट कठीण झाली तर ती आखूड करावी. पूर्वी पुष्कळ रचनांत झिर्कोनियाचा पडदाच सगळ्या घटाचा भार पेलत असे, म्हणून तो दीडशे मायक्रॉन किंवा त्याहून जाड ठेवावा लागे. मग अशी तजवीज करण्यात आली की भार पेलण्याचे काम इंधनाच्या बाजूच्या सच्छिद्र विद्युदग्राकडे, म्हणजे निकेल व झिर्कोनिया यांच्या मिश्र थराकडे, सोपवावे आणि पडदा त्याच्यावर दहा मायक्रॉनच्या आसपास इतका पातळ लिंपावा. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर हा पडदा केसाच्या सातव्या हिश्श्याएवढा झाला, आणि तरी त्यात सुईच्या टोकाएवढेही छिद्र राहून चालत नाही, कारण छिद्र राहिले की वायू एकमेकांत मिसळून घटाच्या पोटातच जळतात. या युक्तीने कामाची आच ७०० ते ७५० अंशांपर्यंत उतरली. जपानमध्ये ओसाका गॅस, आयसिन, क्योसेरा आदी मंडळींनी मिळून २०१२ च्या एप्रिलपासून घरोघर बसवण्यासाठी जो ७०० वॉटचा संच विक्रीस आणला, तो याच आचेच्या टप्प्यातला. नळाने आलेल्या गॅसवर तो वीज करतो, आणि उरलेल्या उष्णतेने आंघोळीचे पाणी तापते. आरंभी गॅसच्या ऊर्जेपैकी शेकडा ४६.५ भाग वीज होई, २०२० च्या नमुन्यात हे प्रमाण ५५ वर गेले. बाजारातल्या वस्तूने आठ वर्षांत एवढी मजल मारावी हे मला फार मोलाचे वाटते, कारण प्रयोगशाळेतले विक्रम पुष्कळ ऐकू येतात, पण घराच्या मागल्या अंगणात, पावसापाण्यात उभे राहून वर्षानुवर्षे चालणारे यंत्र ही निराळ्या तपश्चर्येची गोष्ट आहे. जपान सरकारने या संचांना अनेक वर्षे अनुदान दिले, हेही येथे नमूद केले पाहिजे. आपल्या पायावर उभे राहण्याइतकी त्यांची किंमत आपोआप उतरली नव्हती.

दुसरा उपाय म्हणजे पंगतच बदलायची, ज्या स्फटिकात आयनाला सरकणे मुळातच सोपे आहे असा स्फटिक शोधायचा. तसा स्फटिक सापडला तो पेट्रोमॅक्सच्या मॅन्टलमधल्या त्याच सेरियाचा, त्यात गॅडोलिनियम मिसळून केलेला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील ब्रायन स्टील यांनी आयुष्याचा मोठा भाग या पदार्थाच्या अभ्यासात वेचला. पडदा १५ मायक्रॉनचा धरला तर झिर्कोनियाला सुमारे ७०० अंश लागतात, तेथे या सेरियाला सुमारे ५०० पुरतात, असा त्यांचा हिशेब होता. या संशोधनातूनच २००१ साली सेरेस पॉवर ही कंपनी इंग्लंडमध्ये उभी राहिली, आणि तिने केलेली रचना मला या सर्व इतिहासातली सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना वाटते: तिने घटाचा भार सिरॅमिककडून काढून पोलादाच्या पातळ पत्र्यावर टाकला. त्या पत्र्याला मधल्या भागात लेसरने असंख्य सूक्ष्म भोके पाडलेली असतात, त्या भोकांवर इंधनाकडचे विद्युदग्र, त्यावर सेरियाचा पडदा, त्यावर हवेकडचे विद्युदग्र असे थर, कापडावर ठसे उमटवतात तसे, एकावर एक छापले जातात. कडेचा पत्रा कोराच ठेवलेला असल्यामुळे तो शेजारच्या पत्र्याला वेल्डिंगने जोडता येतो, आणि काचेच्या ठिसूळ सांध्यांची निम्मी कटकट तेथेच मिटते. क्रोमियमयुक्त पोलाद व सेरिया यांचे प्रसरण जवळजवळ सारखे असल्याने तापतानानिवताना दोघांत भांडण होत नाही. अडचण होती ती भाजणीची: सेरिया दाट व निश्छिद्र होण्यासाठी एरवी १४०० अंशांच्या भट्टीत भाजावा लागतो, आणि त्या भट्टीत पोलादाची धडगत नसते. पोलादाला सोसवेल इतक्याच आचेवर सेरिया दाट करण्याची हातोटी साध्य झाली, तेव्हाच ही कंपनी खऱ्या अर्थाने उभी राहिली. हे तंत्र तिने पुढे परवान्याने कोरियातील दूसानसारख्या कारखानदारांना दिले.

सेरियाही निर्दोष नाही. इंधनाच्या बाजूला प्राणवायूचा दुष्काळ असतो, आणि तशा स्थितीत सेरियम आपल्या भारांपैकी एक सोडून देऊन इलेक्ट्रॉनांनाही पडद्यातूनच वाट देऊ लागतो. मग जी वीज बाहेरच्या तारेतून वळसा घेऊन यायची ती चोरवाटेने आतल्या आत जिरते. सुदैव असे की आच ६०० अंशांच्या खाली उतरली की ही गळती बरीच आटोक्यात येते, म्हणजे सेरियाला थंडावा हा पथ्यकर आहे. काहींनी दुसरी वाट धरली. बिस्मथच्या ऑक्साइडच्या एका रूपात प्राणवायूचे आयन सर्व ज्ञात ऑक्साइडांपेक्षा सुलभतेने धावतात, परंतु इंधनाच्या सान्निध्यात त्याचा बिस्मथ धातू होऊन ते नष्ट होते. अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठातील एरिक वॉक्समन यांनी या दोघांचा संसार जुळवला: इंधनाकडे सेरियाचा थर, हवेकडे बिस्मथचा. सेरिया बिस्मथला इंधनापासून वाचवतो, आणि बिस्मथ सेरियाची गळती अडवतो. ६५० अंशांवर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे २ वॉट इतकी शक्ती या जोडीने दिल्याचे त्यांच्या २०११ सालच्या प्रबंधातून प्रसिद्ध झाले.

पडद्याचा प्रश्न सुटत गेला तसा दुसराच प्रश्न पुढे आला, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आज खरा खोळंबा तेथेच आहे. हवेकडच्या विद्युदग्रावर प्राणवायूच्या रेणूची फारकत करून, त्याच्या प्रत्येक अणूच्या पदरात दोन दोन इलेक्ट्रॉन घालून, त्याला पडद्यात प्रवेश द्यावयाचा असतो, आणि हे काम आयनाच्या उडीपेक्षाही अधिक आचेचे भुकेले आहे. आच उतरवली की हे दार सर्वांआधी अडते. आतला रस्ता कितीही आखूड केला तरी दारातच दाटी होते. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट व लोह यांची मिश्र ऑक्साइडे येथे उपयोगी पडतात, कारण त्यांच्यातून इलेक्ट्रॉन व आयन दोन्ही वाहतात आणि त्यामुळे त्यांचा सगळा पृष्ठभागच दार होतो. परंतु त्यांतला स्ट्रॉन्शियम झिर्कोनियाशी सलगी करून मध्ये एक निष्क्रिय थर उभा करतो, म्हणून त्या दोघांमध्ये सेरियाची भिंत घालावी लागते. त्यातच ज्या स्टेनलेस स्टीलमुळे स्वस्ताई आली, त्याच्यातला क्रोमियम तापल्यावर बाष्परूपाने सूक्ष्म प्रमाणात निसटतो आणि नेमका याच दारावर जाऊन बसतो. त्याला आवरण्यासाठी मँगनीज व कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचा लेप पोलादावर द्यावा लागतो. इंधनाच्या बाजूचे निकेलही जपावे लागते. गॅस अकस्मात बंद पडून तेथे हवा शिरली, तर निकेलचे पुन्हा ऑक्साइड होते, त्याचे आकारमान दीडपटीहूनही अधिक होते, आणि वरचा पडदा उकलतो. एवढे सगळे ध्यानात घेतले म्हणजे या घटाची किंमत धातूंच्या बाजारभावात कमी आणि या बंदोबस्तात अधिक आहे, असे दिसून येते.

प्राणवायूला सोडून हायड्रोजनच्या केंद्रकालाच, म्हणजे प्रोटॉनला, पडद्यातून न्यावे, ही तिसरी वाट जपानमधील हिरोयासु इवाहारा यांनी १९८१ मध्ये दाखवली. प्रोटॉन एवढा लहान की त्याला पाटावरून पाटावर जाण्यास फार थोडे बळ पुरते. अमेरिकेत २०१४ साली ‘आर्पा-ई’ या सरकारी शाखेने २०० ते ५०० अंशांच्या टप्प्यातील घटांसाठी खास निधी काढला, आणि पुढच्याच वर्षी कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधील रायन ओहेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोटॉनवाहक सिरॅमिकचे घट ५०० अंशांवर चालवून दाखवले. २०२५ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातील योशिहिरो यामाझाकी यांच्या गटाने स्कँडियम मिसळलेल्या बेरियमच्या ऑक्साइडांत ३०० अंशांवरही पुरेशी प्रोटॉनवाहकता मिळाल्याचे प्रसिद्ध केले. ३०० अंश म्हणजे आपल्या भाकरीच्या तव्यापासून फार दूर नाही. मात्र ही वाहकता पदार्थाची आहे, पूर्ण घटाची नव्हे. त्या आचेवर दोन्ही दारे खुली ठेवणारी विद्युदग्रे अजून घडवायची आहेत, आणि स्कँडियम हे द्रव्य स्वस्त म्हणता येत नाही.

या विषयाशी आपला संबंध केवळ वाचकाचा नाही. तिरुचिरापल्लीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून अमेरिकेत गेलेले के. आर. श्रीधर हे ॲरिझोना विद्यापीठात असताना, मंगळावरच्या हवेतून याच सिरॅमिकच्या साहाय्याने प्राणवायू वेगळा काढण्याच्या योजनेवर ‘नासा’साठी काम करीत होते, ती योजना मागे पडली तेव्हा त्यांनी क्रिया उलटी फिरवली, आणि २००१ मध्ये स्थापन झालेली त्यांची ब्लूम एनर्जी आज मोठमोठ्या इमारतींना व संगणककेंद्रांना असे घट पुरवते. मंगळावर प्राणवायू काढण्याचे ते काम पुढे दुसऱ्याच एका उपकरणाने २०२१ मध्ये खरे करून दाखवले, हाही एक योगायोग. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत घन-ऑक्साइड घटांवर पुष्कळ वर्षे काम चालू आहे. पुण्यात २०२२ च्या ऑगस्टमध्ये जी हायड्रोजनची बस धावली, तिचा घट मात्र निराळ्या जातीचा, प्लॅस्टिकसारख्या पडद्याचा व प्लॅटिनमवर चालणारा. त्याला अतिशुद्ध हायड्रोजनच लागतो, आणि कार्बन मोनॉक्साइडचा किंचित अंशही त्याला विषासमान असतो. घन-ऑक्साइड घटाला तोच कार्बन मोनॉक्साइड इंधन म्हणून चालतो, मिथेनही चालतो. म्हणूनच ज्या देशात गोबरगॅसचे संयंत्र गावोगावी माहीत आहे, आणि ज्याच्या केरळच्या किनाऱ्यावर चवऱ्याच्या वाळूत झिर्कोनियमची व सेरियमची दोन्ही खनिजे मिळतात, त्याने या घटाकडे परक्याची चैन म्हणून पाहावे हे मला पटत नाही. गोबरगॅसमधला गंधकाचा अंश निकेलला मारक असतो व तो आधी काढून टाकावा लागतो, हे खरे. पण ही गोष्ट असाध्य नाही.

स्वस्त या शब्दाचा अर्थ मात्र येथे नीट लावला पाहिजे. संच विकत घेतानाची रक्कम निम्मी झाली आणि तो पाच वर्षांऐवजी दोनच वर्षे टिकला, तर गिऱ्हाइकाच्या पदरी नुकसानच पडते. म्हणून आच कितीही उतरवली तरी त्या उतरलेल्या आचेवर घट किती तास जगतो, हे बसून मोजावेच लागते, आणि हे मोजण्याला वेळेखेरीज दुसरे साधन नाही. जर्मनीतील युलिश येथील संशोधन केंद्रात २००७ च्या ऑगस्टमध्ये अशा घटांची एक लहानशी चळत ७०० अंशांवर चालू करण्यात आली. तिला गॅस मिळत राहिला, हवा मिळत राहिली, आणि ती वीज देत राहिली. तिच्या शेजारी काम करणाऱ्यांपैकी काही जण मधल्या काळात विद्यार्थ्याचे अध्यापक झाले असतील. ११ वर्षांहून अधिक काळ, सुमारे १ लाख तास ती चालली. २०१९ च्या जानेवारीत तिची आच बंद केली, आणि इतक्या वर्षांत आतल्या थरांचे काय झाले, क्रोमियम कोठवर पोचला, पडदा कोठे विरला, हे पाहण्यासाठी संशोधकांनी तिचा एकेक पदर सोडवायला घेतला.